अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सवय कशी लावावी: खानदेशातल्या नव्या आयांसाठी

बाटलीचा विचार बहुतेक घरांत रजा संपायला आठवडा उरला की सुरू होतो. तोवर बाळ तीन-चार महिन्यांचं झालेलं असतं, आईचा वास ओळखायला लागलेलं असतं, आणि रबराचं काही तोंडात आलं की जिभेने बाहेर ढकलायला शिकलेलं असतं. मग घरात गोंधळ. आजी म्हणते पोरगं हट्टी आहे, आईला वाटतं आपणच लाडावून ठेवलं. दोन्ही खरं नाही. बाळाला वेळ लागतो, आणि तो आपण द्यायला विसरलेलो असतो.

बाटलीने प्यायला बाळ शिकतंच, आज ना उद्या. आपल्याकडे अवघड जातं ते दुसरं काम: काढलेलं दूध जळगाव-भुसावळच्या उन्हात टिकवणं आणि बाटली रोज खरोखर निर्जंतुक ठेवणं. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी ठरवा, बाटली लागणार आहे का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं आरोग्य खातं दोघांचं सांगणं एकच आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आई घरी असेल तर बाटलीची गरज नसते. ‘सवय असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सुरू करू नका.

नोकरी असेल तर आधी रजेचा हिशेब करा. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधीच घेतले असतील तर नंतर १८ आठवडे उरतात, म्हणजे कामावर जाताना बाळ साधारण चार महिन्यांचं असेल. आधी रजा न घेता सगळे २६ आठवडे नंतर वापरले, तर बाळ सहा महिन्यांचं होतं. त्या वयाचं बाळ आधार दिला की बसतं, वाटीला तोंड लावतं, खिमट खायला लागतं. अशा बाळाला बाटली शिकवून सहा महिन्यांनी ती सोडवत बसण्यापेक्षा थेट छोट्या पेल्याने पाजायला शिकवा.

बोंडलं अनेक घरांत फडताळात पडून असतं. चोच असलेली ती लहान वाटी. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नवजात अतिदक्षता विभागातही त्याच्यासारख्याच चोचीच्या भांड्याने दूध पाजतात. वाटी-चमचा आणि बोंडलं उकळायला सोपं, त्याला खाचखळगे नाहीत, बूच नाही, आणि आईच्या दुधाची सवय त्याने मोडत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, थोडं सांडतंही. दिवसातून एक-दोन वेळाच आई नसेल तर माझं मत बोंडल्याच्या बाजूने आहे. आठ-नऊ तास बाहेर राहायचं असेल, भुसावळ-जळगाव किंवा धुळे-शिरपूर असं रोजचं अपडाऊन असेल आणि घरी सांभाळणारी व्यक्ती एकटीच असेल, तर बाटली सोयीची पडते. तिथे स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही.

केव्हा सुरू करायचं

फार लवकर नको. पहिला सव्वा महिना बाळ अंगावर नीट धरायला शिकत असतं आणि दुधाचं प्रमाणही त्याच्या पिण्यावरून ठरत असतं. त्या काळात बाटली आली तर काही बाळं अंगावर धरायला कंटाळतात. फार उशीरही नको, कारण तीन महिन्यांनंतर बाटली नाकारणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढतं. सहा आठवडे पूर्ण झाले, वजन नीट वाढतंय, पाजताना दुखत नाही, एवढं जमलं की सुरुवात करा. कामावर जायच्या तारखेआधी तीन-चार आठवडे हातात असू द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर एक अडचण येते. सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी सासरी परतताना घर, माणसं, झोळी सगळं एकदम बदलतं. त्याच आठवड्यात बाटलीही आणू नका. आणि बाटली पुढे जी व्यक्ती देणार आहे तिनेच पहिल्यापासून द्यावी. माहेरच्या आजीकडून शिकलेलं बाळ सासरच्या आजीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतं.

सामान

दोन-तीन लहान बाटल्या पुरतात. आयएसआय चिन्ह पाहून घ्या. काचेची बाटली उकळायला उत्तम, पण पडून फुटते. स्टीलची टिकते, पण आतलं दिसत नाही. तोंड रुंद असावं, ब्रश तळापर्यंत जावा. निपल सगळ्यात हळू येणारं घ्या, नवजात बाळाचं. बाटली उलटी केल्यावर दूध थेंबाथेंबाने पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. ‘दूध येतच नाही’ म्हणून सुई तापवून निपलचं भोक मोठं करण्याची जुनी सवय आहे. ते अजिबात करू नका. बाळाला ठसका लागतो.

दुकानात बाटली किंवा दुधाच्या पावडरची जाहिरात दिसली नाही तर नवल वाटायला नको. १९९२ च्या कायद्याने, आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने, या दोन्हींची जाहिरात करायला आणि मोफत नमुने वाटायला बंदी आहे. दवाखान्यातून घरी येताना कुणी डबा ‘भेट’ म्हणून हातात ठेवला तर तो परत करा.

दूध काढणं

हात साबणाने धुवा. रुंद तोंडाची स्टीलची वाटी उकळून घ्या. शांत बसा, बाळ जवळ असेल तर दूध लवकर उतरतं. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, स्तनाग्राच्या टोकापासून साधारण अडीच-तीन सेंटीमीटर मागे, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. त्वचेवर बोटं घासायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचं नाही. पहिली दोन मिनिटं फक्त थेंब येतात. इथेच पुष्कळ जणी ‘मला दूधच नाही’ म्हणून थांबतात. थांबू नका, पुढे धार सुरू होते. एक बाजू पाच मिनिटं, मग दुसरी, मग परत पहिली. बोटांची जागा फिरवत राहा, म्हणजे सगळ्या बाजूंनी दूध उतरतं. एकूण वीस ते तीस मिनिटं लागतात.

सकाळी छाती भरलेली असते, ती वेळ चांगली. किंवा एका बाजूला बाळ पीत असताना दुसरीकडून काढा. सुरुवातीला वीस-तीस मिलिलिटर निघालं तरी पुरे. काढलेल्या दुधावरून अंगात किती दूध आहे ते कळत नाही, कारण बाळ हातापेक्षा आणि पंपापेक्षा चांगलं ओढतं. पंप वापरायचा असेल तर हाताने चालणारा स्वस्त पंपही काम करतो. फक्त दुधाला लागणारा त्याचा प्रत्येक भाग दर वेळी सुटा करून धुवावा लागतो. कंटाळा येणार असेल तर हातच बरे.

बाहेर असताना बाळाच्या पिण्याच्या वेळा पाळून साधारण दर तीन तासांनी दूध काढा. नाहीतर छाती दगडासारखी होते, ताप येऊ शकतो, आणि आठवडाभरात दूध कमी होऊ लागतं. कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाच्या कामात नेहमीच्या सुटीखेरीज पाजण्यासाठी दोन विश्रांती आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकाला बंधनकारक आहे आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता येतं. साहेबांकडे हे लेखी मागा. तोंडी मागितलेलं फार दिवस लक्षात राहत नाही.

दूध ठेवणं आणि आपला उन्हाळा

पुस्तकी आकडे असे आहेत. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं. फ्रिजमध्ये ४ अंशाला चार दिवस. चांगल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम.

आता आपल्याकडचा मे महिना धरा. बाहेर पारा ४५ वर, आणि कूलर लावलेल्या खोलीतही २५ अंश होत नाहीत. तिथे ‘चार तास बाहेर’ हा आकडा विसरून जा. दूध काढलं की लगेच फ्रिजमध्ये, तेही दारातल्या कप्प्यात नाही, आत मागे. बाटलीवर तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि आधीचं आधी वापरा. माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली हाताला गार लागते खरी, पण तो फ्रिज नव्हे, त्याला फ्रिजची मुदत लावू नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र खोली २५ अंशांच्या आत असेल तेव्हा चार तासांचा नियम पाळता येतो.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास गार राहतो. गोठवलेल्या दुधात बर्फाचे कण दिसत असतील तर ते परत गोठवता येतं. पूर्ण वितळलेलं पण गार असलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा, परत गोठवू नका. गावात भारनियमनाचा भरवसा नसेल तर फ्रीझरमध्ये महिन्याचा साठा करण्याच्या फंदात पडू नका, रोजचं रोज काढा. कामावरून आणायचं असेल तर बर्फाच्या पॅकसह बंद इन्सुलेटेड पिशवीत आणा. घरी आल्यावर पॅक अजून गोठलेले आहेत का पाहा.

फ्रिजमधल्या दुधावर साय वेगळी दिसते, ती नासल्याची खूण नाही. हलकेच फिरवलं की मिसळते. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच, त्यात मध्येच कुठेतरी दूध खूप गरम होतं आणि जीभ भाजते. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवा, थेंब मनगटावर टाकून पाहा. उन्हाळ्यात गार दूध नुसतं बाहेर थोडं ठेवलं तरी बाळाला चालतं. तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. जीव तुटतो, पण टाका.

फ्रिज नसलेल्या घरी कापूस वेचणीला जाणाऱ्या बायकांसाठी यातलं पुष्कळ कामाचं नाही. तिथे सगळ्यात चांगला उपाय जुनाच: बाळ बरोबर न्यायचं, बांधावर झाडाला झोळी बांधायची आणि अंगावर पाजायचं. शेतात फवारणी झाली असेल तर बाळाला तिथे नेऊ नका. तुम्ही फवारलेल्या कपाशीतून आला असाल तर हात, मान, छाती साबणाने धुऊन, लुगडं बदलून मग बाळाला घ्या. फवारणीच्या रिकाम्या डब्या-बाटल्या घरात कुठल्याही कामाला वापरू नका.

पहिली बाटली

वेळ अशी निवडा की बाळाला थोडी भूक आहे पण ते रडायला लागलेलं नाही. शेवटचं पाजून तास-दीड तास झालेला चांगला. दूध तुमचंच, १५ ते ३० मिलिलिटर. देणारी व्यक्ती दुसरी: बाबा, आजी, आत्या. आईने त्या खोलीत थांबू नये. खरं तर घराबाहेर चक्कर मारून यावी. वास आला की बाळ म्हणतं, समोर ताट वाढलेलं असताना मी डबा का खाऊ?

बाळाला आडवं झोपवू नका. जवळजवळ बसवल्यासारखं, डोकं कोपराच्या आधाराने धरा. निपल वरच्या ओठाला हलकं लावा आणि थांबा. बाळाने तोंड उघडून स्वतः आत घेतलं पाहिजे. बाटली उभी न धरता जमिनीला समांतर ठेवा, निपल अर्धंच भरलेलं. चार-पाच घोट झाले की बाटली थोडी खाली झुकवा, दूध थांबू द्या. बाळ श्वास घेईल, परत ओढेल. निम्म्यावर आलं की कूस बदला, आई दोन्ही बाजूंना पाजते तसं. मग खांद्यावर घेऊन ढेकर.

पूर्ण पाजायला १५-२० मिनिटं लागली पाहिजेत. याला कारण आहे. अंगावर बाळाला ओढावं लागतं, दूध थांबून थांबून येतं. बाटली पाच मिनिटांत रिकामी होऊ लागली तर बाळाला तोच वेग हवा वाटतो आणि ते अंगावर चिडचिड करायला लागतं. नंतर दोष आईच्या दुधाला जातो. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, हात सैल झाले की थांबा. उरलेले दहा मिलिलिटर संपवायचेच, असा हिशेब नको.

दिवसातून एकच वेळ, रोज साधारण त्याच वेळी. बाकी सगळं अंगावर.

नको म्हणालं तर

बहुतेक बाळं सुरुवातीला नको म्हणतात. दहा मिनिटांत जमलं नाही तर बाटली बाजूला ठेवा, बाळाला खेळवा, थोड्या वेळाने आईने अंगावर पाजा. उपाशी ठेवलं की झक मारत पिईल, हा सल्ला घराघरांत मिळतो. मिळाला तरी पाळू नका. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही, आणि बाटली पाहिली की रडायचं एवढं मात्र शिकतं.

रोज एक गोष्ट बदलून पाहा. निपल कोमट पाण्यात बुडवून द्या. निपलला तुमच्या दुधाचे दोन थेंब लावा. अर्धवट झोपेत, जागं होता होता द्या. तोंड बाहेरच्या बाजूला करून, अंगणात फिरत फिरत द्या. काही बाळं बसलेल्या माणसाकडून घेत नाहीत, चालणाऱ्याकडून घेतात. आजीच्या खांद्यावर आईची वापरलेली ओढणी टाकली की काही बाळं शांत होतात, काही उलट आईला शोधायला लागतात. आपलं बाळ कुठल्या गटातलं ते करूनच कळतं. निपलचा आकार एकदा बदलून पाहायला हरकत नाही, पण बाजारातले सगळे निपल घरात जमवू नका.

दोन आठवडे शांतपणे प्रयत्न करूनही नकार असेल तर बोंडलं किंवा लहान पेला घ्या. बाळाला बसवून धरा, पेल्याची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल एवढंच तिरपं करा. बाळ जिभेने चाटतं, मग घोट घेतं. तोंडात ओतायचं नाही. तीन महिन्यांचं बाळही हे शिकतं, आणि मग बाटलीची लढाई लढायची गरजच उरत नाही.

धुणं

पाजून झालं की लगेच गार पाण्याने विसळा. मग बाटली, रिंग, निपल, झाकण सुटं करा, साबण आणि वेगळ्या ब्रशने घासा, निपलच्या भोकातून पाणी दाबून बाहेर काढा. मग पातेल्यात सगळं पूर्ण बुडवून, उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं उकळा. चिमट्याने काढा, स्वच्छ जाळीवर सुकू द्या. पदराने पुसू नका. हे नंतर करू म्हणून दुपारभर पडलेली बाटली आपल्या उन्हात तासाभरात आंबूस होते, आणि तिथूनच जुलाब सुरू होतात.

बोअरच्या जड पाण्याने बाटलीवर पांढरा थर बसतो. थोडा व्हिनेगर पाण्यात घालून भिजवा, धुवा, परत उकळा. निपल चिकट, फुगलेलं किंवा चिरलेलं दिसलं की फेका.

पाणी, घुटी आणि वरचं दूध

एप्रिल लागला की आजीचा जीव खालीवर होतो: ‘पाणी पाज वं माय, पोऱ्याना घसा सुकी ऱ्हायना.’ काळजी खरी आहे, उपाय चुकीचा. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सहा महिन्यांच्या आत उन्हाळ्यातही वेगळं पाणी नको. बाळाला जास्त वेळा पाजा आणि आईने पाणी प्यावं. बाटली घरात आली की तिच्यात साखरपाणी, ग्लुकोज, घुटी जायला वेळ लागत नाही, म्हणून हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मध तर वर्षाच्या आत चाटवायलासुद्धा नको.

गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध पाणी घालून बाटलीत देणं वर्षाच्या आत टाळा. काढलेलं दूध पुरत नसेल तर डॉक्टरांशी बोला. त्यांनी पावडर सांगितली तर डब्यावरचं माप तंतोतंत पाळा, आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरायचं, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची. डबा महाग म्हणून पातळ करू नका. बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही.

किती पुरेल

एक ते सहा महिन्यांचं अंगावरचं बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर पितं. म्हणजे एका वेळेला ९० ते १२० धरा. नऊ तास बाहेर असाल तर तीन वेळा, साधारण ३०० ते ३५०. वरची एक छोटी बाटली राखीव असू द्या. काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि आई आली की संध्याकाळपासून रात्रभर वसुली करतात. आईची झोप जाते, पण बाळ उपाशी नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होतेय, वजन वाढतंय, मग ठीक आहे. वजन अंगणवाडीत दर महिन्याला करून घ्या. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, बाटलीचा विचार तेव्हाच त्यांच्या कानावर घाला.

शू कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडलं, काहीच घेत नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर बाटलीचे प्रयोग बंद आणि थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

कामावर जायच्या आधी

एखादा दिवस पूर्ण तालीम करा: सकाळी अंगावर पाजून निघा, दिवसभर घरी यायचं नाही, विचारायचं ते फोनवर, दूध वेळेवर काढायचं. कुठे अडतं ते त्या दिवशी कळतं. बहुतेक वेळा अडतं ते सांभाळणाऱ्याचं, बाळाचं नव्हे, म्हणून फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: आधी कुठली बाटली, किती वेळ कोमट करायची, उरलेलं कधी टाकायचं. बाटली उशीला टेकवून बाळाला झोळीत एकटं सोडायचं नाही, हेही लिहा. ठसका लागतो, कान फुटतो, आणि दात आल्यावर किडतात.

वर्ष झालं की बाटली सोडवायला लागा, दीड वर्षाच्या पुढे नेऊ नका. आधी दुपारची बंद करून पेल्यात द्या, मग संध्याकाळची. झोपतानाची शेवटी.